बारा सेकंद

"बारा झाले पप्पा. बोला आता," सुकन्या म्हणाली, आणि वैजनाथनं तोंड उघडायच्या आत ती पोह्यांची अर्धी प्लेट तशीच ठेवून उठली आणि जिना चढून वरच्या खोलीत गेली. दार लागल्याचा आवाज खाली ऐकू आला. वैजनाथची दोन बोटं अजून हनुवटीलाच होती. नजर पंख्याकडे, भुवया जरा आवळलेल्या, आणि जीभ टाळूला लावून काढायचा तो बारीक 'च्' सुद्धा नुकताच काढून झाला होता. पोरीनं विचारलं होतं काय, तर एवढंच, "मला जमेल का ओ पप्पा?" अकरा वाजता तिची मुलाखत होती. हैदराबादची कंपनी, पण मुलाखत इथंच, लातुरात, घरात, लॅपटॉपवर. जगातल्या कुठल्याही बापानं अशा वेळी फाडकन सांगितलं असतं, जमतंय की, न जमायला काय धाड भरलीय. वैजनाथही तेच सांगणार होता. मध्येच ती बोटं हनुवटीला कधी गेली, त्यालाही कळलं नाही. त्याला राग आला तो ह्याचा, की पोरीनं सेकंद मोजले. आणि त्याहून जास्त राग ह्याचा, की तिनं बरोबर मोजले. त्या बारा सेकंदांत आपण खरंच काही विचार करत होतो की काय, हे आठवायला तो गेला, तर आत काहीच सापडेना. पंखा तेवढा आठवला. पंख्याच्या एका पात्यावर जास्त धूळ होती.

"बघितलंस का हिचं?" तो स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. त्याची बायको जया आतूनच म्हणाली, "काय खोटं बोलली ती? परवा मी विचारलं, गवार आणू का भेंडी, तर तुम्ही वर बघत बसलाव. भाजीवाला पुढं निघून गेला." आता ह्यावर काय बोलायचं! बावीस वर्षं ज्या घरात ह्या सवयीवर पोळी भाजली, त्याच घरात तिची अशी थट्टा. त्यानं पोह्यांची प्लेट ओढून घेतली आणि सुकन्याचे उरलेले पोहे खाल्ले. पोहे गार झाले होते, आणि त्यात हिरवी मिरची आली तेव्हा त्याला बरं वाटलं, कारण निदान डोळ्यात पाणी यायला काही तरी कारण मिळालं.

औसा रोडला लागून वैजनाथ सरांचा क्लास. खाली चाळीस खुर्च्या आणि फळा, वर दोन मजले घर. कंपन्यांच्या परीक्षेची तयारी करून घेणारे लातुरात ढीगभर आहेत. गणितं, आकृत्या, कोडी, सगळं घोटून घेतात. उत्तरं सगळेच शिकवतात. वैजनाथ सर एकटे असे, की उत्तर येतंय हे समोरच्याला कळू कसं द्यायचं नाही, ते शिकवतात. त्यांच्या नोट्सची झेरॉक्स नांदेडपर्यंत जाते. प्रत्येक कोड्याच्या उत्तरात मध्ये मध्ये कंस असतात. 'इथे बारा सेकंद थांबा.' 'इथे एकदा चुका, पण लहान चुका.' 'इथे कागदावर रेघ मारा.' 'इथे: अरे हो! असं होईल का?' पोरं हे कंसही पाठ करतात, खाली लाल पेननं रेघा मारून. दहा सेकंद थांबलं तर पाठ आहे असं वाटतं, पंधरा थांबलं तर येत नाही असं वाटतं, बारा बरोबर. हे आकडे त्यानं वर्षानुवर्षं मुलाखतीहून परत आलेल्या पोरांना खोदून खोदून विचारून काढले होते. देगलूरकडचा एक व्यंकटी होता, त्याला तर समोरच्यानं पहिल्यांदा नाव विचारलं तेव्हाच हा हनुवटीला हात लावून बारा सेकंद वर बघत बसला. त्या लोकांनी घाबरून पाणी मागवलं. "नावाला कशाला थांबलास रे शहाण्या!" वैजनाथ त्याच्यावर खेकसला, तर व्यंकटी म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणलाव की, पहिल्या प्रश्नाला घाई करायची न्हाई." वर्गात हशा पिकला. वैजनाथही हसला होता. आज त्याला ते हसू आठवलं आणि घशात मिरची पुन्हा झोंबली.

कारण वैजनाथ स्वतः एकदा अजिबात थांबला नव्हता. अठ्ठ्याण्णव साल. नांदेडच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला, लोह्याजवळच्या गावचा पोरगा, पुण्याला कंपनीच्या परीक्षेला गेला तो बापाला सोबत घेऊन. रामकिशनअण्णांनी धोतर बदलून नवं नेसलं होतं आणि कंपनीच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. साठ मिनिटांत साठ प्रश्न होते. वैजनाथनं अडतिसाव्या मिनिटाला पेपर संपवला आणि हाताची घडी घालून बसला. का नाही बसणार? अकरावी-बारावी लातुरात काढलेली. तिथं शिकवलेलंच हे, की प्रश्न असा कुठलाच नसतो जो आधी कुणी विचारलेला नाही. नुसता शोधायचा, सोडवायचा, पुन्हा सोडवायचा. परीक्षेत प्रश्न बघून विचार करायची पाळी आली म्हणजे अभ्यास कमी पडला, इतकं साधं गणित. दुपारी त्याला आत बोलावलं. पांढऱ्या शर्टातल्या माणसानं कोडं घातलं. एक बंद खोली, आत एक दिवा. बाहेर तीन बटणं, त्यातलं एकच त्या दिव्याचं. बटणं हवी तशी दाबा, पण खोलीत एकदाच जायचं. कुठलं बटण दिव्याचं, ते कसं सांगाल? आणि मग सहज म्हणावं तसं त्यानं विचारलं, "आधी ऐकलंय का हे?"

वैजनाथचं तोंड उजळलं. अहो, ह्याच प्रश्नाची तर तो वाट बघत होता! लातूरच्या त्याच्या सरांनी हा प्रश्न विचारला असता, तर तो शाबासकीचाच झाला असता. आधी सोडवलंय, म्हणजे कष्ट केलेत. "हो सर," तो ताठ बसून म्हणाला, "अकरा वेळा सोडवलंय. पान त्रेसष्ट, खालून दुसरं." आणि न थांबता उत्तरही दिलं. पहिलं बटण थोडा वेळ चालू ठेवायचं, मग बंद करून दुसरं चालू करायचं आणि आत जायचं. दिवा लागलेला असेल तर दुसरं बटण. विझलेला पण गरम असेल तर पहिलं. विझलेला आणि गार, तर तिसरं. सगळं सांगायला त्याला वीस सेकंद लागले नसतील. समोरच्या माणसानं शांतपणे पेनाला टोपण लावलं. ते टोपण लागल्याचा 'टक्' वैजनाथला सव्वीस वर्षांनीही ऐकू येतो, आंघोळ करताना, फोडणी देताना, फळ्यावर लिहिता लिहिता. "पाठांतर चांगलं आहे तुमचं," तो माणूस म्हणाला. वैजनाथ त्याला थँक्यू म्हणाला होता. दारापर्यंत जाऊन, मागं वळून, पुन्हा एकदा थँक्यू म्हणाला होता.

"काय इचारलं?" अण्णांनी कडुलिंबाखाली विचारलं. त्यानं दिव्याचं सांगितलं. अण्णांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अन् लाईट गेली मग? आपल्याकडं तर तिन्ही बटणं दाबली तरी दिवा गारच असतंय." मग थोड्या वेळानं, "पण तुला येत होतं न्हवं?" "हाव." "मग झालं की." नाव यादीत लागलं नाही तेव्हा ते कितीदा तरी तेच विचारत राहिले, "येत होतं न्हवं? मग आलेलं सांगितलं, त्यात गुन्हा कोणता?" त्याच्याच खोलीवर राहणारा, त्याच पुस्तकावरून शिकलेला उदगीरचा माणिकप्पा निवडला गेला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "अरे येड्या, न्हाई म्हणायचं असतंय. पहिल्यांदाच ऐकतोय म्हणायचं, अन् डोकं खाजवायचं." पहिल्यांदाच ऐकतोय! अकरा वेळा दोघांनी मिळून सोडवलेलं! त्या दिवशी वैजनाथला जी चीड आली ती पुढं कधी गेलीच नाही, तिचाच त्यानं क्लास काढला. आणि गावात रामकिशनअण्णा पारावर बसून मरेपर्यंत सांगत राहिले, "माझ्या पोराला समदं येत होतं, म्हणून घेतलं न्हाई त्यायनी." लोक मान हलवायचे. वैजनाथ गावी जायचा तेव्हा पाराच्या बाजूनं जाणं टाळायचा.

पावणेअकराला लाईट गेली. जायचीच होती. इन्व्हर्टर सुरू झाला, पण इंटरनेटचा डबा जिन्याच्या वळणावर, आणि त्याची पिन ढिली. बोटानं दाबून धरली तर हिरवा दिवा, सोडली की बंद. इलेक्ट्रिशियनला दहा फोन करून झाले होते, तो दहाही वेळा निघालेलाच होता. "तुम्ही राहू द्या, मी धरते," जया म्हणाली, पण तिचा कुकर लागलेला. शेवटी वैजनाथच पायरीवर बसला, उजव्या हातानं पिन दाबून. वरच्या दाराला खाली चांगली बोटभर फट होती. सुकन्यानं आतून विचारलं, "कोण आहे तिथं?" "मी हाय. नेट धरून बसलोय." आत खुर्ची सरकली, लॅपटॉपातून एका बाईचा आवाज आला आणि मुलाखत सुरू झाली. ती इंग्रजीतच चालली होती, पण वैजनाथच्या कानात मात्र ती मराठी होऊन उतरत होती, जशी प्रत्येक मुलाखत बावीस वर्षं उतरत आली होती.

सुरुवातीचं सगळं ठीक गेलं. शिक्षण, प्रोजेक्ट, कुठली भाषा येते. सुकन्या नीट बोलत होती, फार भरभर नाही. वैजनाथ मनातल्या मनात बरोबरच्या खुणा करत होता. मग बाई म्हणाली, एक गंमत म्हणून विचारते. एक बंद खोली, आत एक दिवा. वैजनाथला हसूच फुटलं. सव्वीस वर्षं झाली, माणसं बदलली, कंपन्या आल्या-गेल्या, लोह्यात सुद्धा घरोघरी मोबाईल आले, आणि हे लोक अजून त्याच खोलीबाहेर तीच तीन बटणं घेऊन उभे! बरं झालं, त्याला वाटलं. हे तर तिला पाळण्यात असल्यापासून पाठ आहे. बारा सेकंद, रेघ, छोटी चूक, अरे हो. त्याची बोटं आपोआप हनुवटीकडे निघाली, हिरवा दिवा लुकलुकला, आणि त्यानं दचकून पिन पुन्हा दाबली. बाईनं विचारलं, "आधी ऐकलंय का हे?"

"हो," सुकन्या म्हणाली. एक सेकंदही न थांबता.

वैजनाथनं डाव्या हातानं कपाळावर मारून घेतलं. अगं, एवढं एकच! एवढं एकच वाक्य मी रक्त आटवून शिकवत आलो, आणि माझ्याच घरात! आतून सुकन्या पुढं बोलत होती. माझे वडील हेच शिकवतात. उत्तर सांगते हवं तर, पण ते उत्तर जुन्या दिव्याचं आहे, आता आमच्या घरात हात लावून कळावं इतका गरम होणारा एकही दिवा नाही. बाई हसली असावी. मग ती म्हणाली, बरं, तर मग असं करा. तुम्हाला ज्याचं उत्तर येत नाही असा एक प्रश्न तुम्हीच मला सांगा, आणि तो कसा सोडवाल ते सांगा.

हे नोट्समध्ये नव्हतं. वैजनाथ मोजायला लागला, दुसरं काय करणार. चार, पाच. बारा झाले. बोल आता, पोरी, बारा झाले. पंधरा. वीस. नेट गेलं का? हिरवा दिवा होता. आतून पेनचा आवाज नाही, कागदाचा नाही, 'च्' नाही, अरे हो नाही. अशी शांतता त्यानं वर्गात कधी ऐकलीच नव्हती, कारण वर्गातली प्रत्येक शांतता त्यानं स्वतः मोजून दिलेली होती. खाली कुकरची शिट्टी झाली. चाळिसाच्या पुढं कुठं तरी त्याचा आकडा चुकला. मग सुकन्या बोलली, सावकाश, शब्द शोधत.

"माझे वडील शिकवतात की उत्तर येत असलं तरी थांबायचं. विचार करतोय असं दिसलं पाहिजे. बावीस वर्षं ते हे करून दाखवतात. आता घरात काही विचारलं तरी ते थांबतात. मला बाहेरून कळत नाही, की आत खरंच विचार चाललाय, की नुसतं थांबलेत. आज सकाळी मी त्यांना एक गोष्ट विचारली. मला उत्तर नको होतं, त्यांना काय वाटतं ते हवं होतं. ते थांबले. मला माहीत नाही आत काय होतं."

"मग कसं शोधाल?" बाईनं विचारलं.

पुन्हा तीच शांतता. "मी आजवर नुसती बाहेरून बटणं दाबली. चिडवायचे, सेकंद मोजायचे. दार उघडून आत जायला पाहिजे, एवढं कळतं. पण आत गेल्यावर आतमध्ये काहीच नसलं तर, ह्याची भीती वाटते. पुढचं मला येत नाही, मॅडम. खरंच येत नाही."

वैजनाथला आधी राग आला, हे खरं ते सांगितलं पाहिजे. परक्या बाईपुढं, हैदराबादेत बसलेल्या कुणापुढं तरी, घरातली गोष्ट अशी मांडायची? हात सुटला असता पिनेवरून, तर मुलाखत तिथंच संपली असती. बोटाची पकड क्षणभर सैल झालीही, हिरवा दिवा थरथरला. मग त्यानं ती अशी घट्ट दाबली की नखाखालचं बोट पांढरं पडलं. रागाच्या खाली लाज होती, आणि लाजेच्या खाली, पार तळाशी, कडुलिंबाखाली बसलेला बाप होता, मांडीवर पिशवी घेऊन विचारणारा, येत होतं न्हवं? अण्णांना सुद्धा त्यानं कधी सांगितलं नव्हतं, की अण्णा, मला वाईट वाटलं. बसनं लोह्याला परत येताना रात्रभर दोघं खिडकीबाहेर बघत आले होते. पुढं जन्मभर त्यानं हजारो पोरांना सांगितलं, आतलं दिसू देऊ नका, आणि पोरं नोकरीला लागली, पेढे घेऊन आली, पाया पडली. त्याला वाटत राहिलं की आत सगळं आहे, जागच्या जागी, फक्त झाकलेलं आहे. आज सकाळी पोरीनं विचारलं, तेव्हा तो बघायला गेला होता. धुळीचं पातं तेवढं दिसलं होतं.

आतली मुलाखत आणखी दहा मिनिटं चालली. कामाचे प्रश्न होते, सुकन्यानं काहींची उत्तरं दिली, दोन येत नाहीत म्हणून सांगितलं. बाईनं पेनाला टोपण लावलं असेल का, हे वैजनाथला दाराच्या फटीतून कळण्यासारखं नव्हतं. निकाल आठवड्यात मेलवर कळवू, असं म्हणून ती गेली. दार उघडलं. सुकन्या उंबऱ्यात उभी होती, घामेजलेली, केस कानामागं सारत. वैजनाथ तसाच पायरीवर, पिन दाबून.

"सोडा ती," ती म्हणाली. त्यानं सोडली. हिरवा दिवा विझला.

"ऐकलं का सगळं तुम्ही?" तिनं विचारलं.

ह्या असल्या प्रश्नाला नाही म्हणायचं असतं, हे त्यानं बावीस वर्षं शिकवलं होतं. "हाव," तो म्हणाला. "ऐकलं."

जराशी खाली वाकून, सकाळी विचारलं होतं त्याच आवाजात तिनं विचारलं, "मग सांगा. मला जमेल का?"

त्याचा उजवा हात उचलला गेला. बोटं बधिर झाली होती, तरी निघालीच हनुवटीकडे, काय म्हणावं ह्या हाताला! त्यानं डाव्या हातानं उजवा मनगटाशी धरला आणि मांडीवर दाबून ठेवला. वर बघायला पंखा नव्हता. समोर पोरगीच होती. बोलायला काही तरी हवं होतं आणि तोंडात एकही कंस नव्हता. बराच वेळ गेला. खालून जयानं विचारलं, "झालं का हो?"

"मला ठाऊक न्हाई, बाई," शेवटी तो म्हणाला. "तुला जमेल का न्हाई, मला खरंच ठाऊक न्हाई. मला जमलं न्हवतं. लई वाईट वाटलं होतं मला तवा, अण्णाला सुद्धा बोललो न्हाई. आता तू जायलीस तर मला भीती वाटायलीय. सकाळी बी भीतीच वाटली होती. दुसरं काही न्हवतं आत."

सुकन्या त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिनं त्याचा बधिर हात ओढून घेतला आणि बोटं चोळायला लागली, लहानपणी तो तिची चोळायचा तशी, थंडीत. जिन्यात अंधार होता आणि उकडत होतं.

"किती झाले?" थोड्या वेळानं त्यानं विचारलं.

"काय?"

"सेकंद."

ती बोटं चोळत राहिली. "मोजले न्हाईत," ती म्हणाली.